फळ्यावरची खोली

बोट क्लबचा सचिव म्हणून माझं काम एवढंच :
दर रविवारी सकाळी साडेसहाला
जेट्टीजवळच्या काळ्या फळ्यावर बातम्या लिहायच्या.
महालेखापालांच्या कचेरीत तेहेतीस वर्षं काढली,
अक्षर वळणदार आहे.
पोहता येत नाही,
हे फक्त डोमाजीला माहीत.

तर या आठवड्याच्या बातम्या.
'पाणकोंबडी'च्या डाव्या वल्ह्याची खुंटी तुटली.
इतवारीच्या हकीमुद्दीनभाईंनी वॉर्निशचे दोन डबे दिले,
पैसे दिवाळीनंतर म्हणाले,
कोणत्या दिवाळीनंतर ते नाही म्हणाले.
जलपर्णी काढायला अकरा जण आले,
नाश्त्याला तेवीस.
तर्री संपली, पोहे उरले.
गोळीबार चौकातली तनिष्का बारापात्रे
पाचशे मीटर, दोन मिनिटं एकतीस सेकंद.
तिचा बाप काठावरून धोट्यासारखा
इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत होता.
माग विकून नऊ वर्षं झाली त्यांना,
पायांना अजून पत्ता नाही.
(ही शेवटची ओळ फळ्यावर लिहिली नाही.)

उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते.
तिच्यात खोली.
ती डोमाजी नान्हे सांगतो, मी लिहितो.
क्लब नव्हता तेव्हा त्याच्या बापाचे शिंगाडे होते या तळ्यात,
तोच बांबू, त्याच खाचा,
मुठीच्या जागी काळा पडलेला.

यंदा वर्गणीतून यंत्र आणलं.
पाण्यात धरलं की हिरवा आकडा येतो :
नऊ फूट चार इंच.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
डोमाजीनं बांबू घातला, काढला, खाच पाहिली.
"साडेसात."
यंत्र चुकतं का रे मग?
"चुकत नाही. खालचं बी मोजते ते.
पण ते पानी नोहे ना बापा, गाळ होय.
त्याच्यात नाव चालत नाही,
मानूस जाते."

मी चौकटीत दोन्ही आकडे लिहिले.
कचेरीत कोणी असं केलं असतं
तर मीच आक्षेप काढला असता, लाल शाईत.

पण गेल्या मे महिन्यात,
पारा सत्तेचाळीसवर आणि शहरातलं सगळं पाणी
खिडक्याखिडक्यांतल्या वाळ्याच्या कूलरमध्ये गेलेलं असताना,
सभासद एक फिरकत नव्हता.
होड्या कडुनिंबाखाली पालथ्या,
खाली कुत्री झोपलेली.
तनिष्का तेवढी यायची, कोरड्या जेट्टीवर बसून
दोन काठ्यांनी हवा वल्हवायची, मोजून दोनशे वेळा.

तेव्हा एका पहाटे डोमाजी म्हणाला, चाला सायेब.
मी कुठे ते विचारलं नाही.
"मी पाय ठेवीन तिथंच ठेवजा."
भेगाळलेल्या चिखलावरून, शिंपल्यांवरून,
एका प्लास्टिकच्या चपलेवरून
आम्ही चालत चालत तळ्याच्या मधोमध आलो.
बारा वर्षं सचिव आहे,
इतक्या आत मी कधी गेलो नव्हतो.

त्यानं बांबू उभा केला.
वर, माझ्या टोपीच्याही वर
एका खाचेवर बोट टेकवलं.
"दिवाळीले इथवर रायते."
मी मान वर केली.
बोटाच्या रेषेत आभाळ सुरू होत होतं,
तिथून 'पाणकोंबडी'चं पोट सरकत गेलं असतं,
वल्ह्यांची टोकं आत येऊन, उजेड ढवळून,
परत गेली असती.
माझा श्वास केव्हा अडकला मला कळलं नाही.
डोमाजी हसला नाही.
"घ्या आता," म्हणाला, "कोरडंच हाय."

परत येऊन मी फळा पुसला.
चौकटीत शून्य लिहिणं जमेना,
शिल्लक पुढे ओढायची सवय हाताला.
ती मोकळी सोडून खाली लिहिलं :

लाइफ जॅकेटं उन्हात घातली आहेत, मोजून ठेवावीत.
तळाशी एक चष्मा सापडला आहे.
डावी काच शाबूत.
ज्याचा असेल त्यानं
नंबर सांगून न्यावा.